विमलताई, ते गुरुवार

विमलताई,

गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. रेल्वे कॉलनीच्या त्या लांबट हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंज्यांवर बसली होती, बुद्धवंदना नुकतीच संपली होती. तुमच्या इंगळे भाऊजींनी माइक माझ्या हातात दिला आणि मी बोलले. तुम्ही किती जिद्दीच्या होतात, एका पोरीसाठी ऑफिसचे किती उंबरे झिजवलेत, आज आपल्या भागातल्या मुलांना जे मिळतंय त्यातलं बरंचसं तुमच्यामुळे, वगैरे. सगळं खरंच होतं. लोकांनी माना हलवल्या. नंतर तुमच्या शेजारच्या शर्मा भाभी जवळ येऊन म्हणाल्या, आप दोनों ने मिलकर किया, मैडमजी. मी हो म्हटलं आणि चहाचा कप उचलला.

तुम्ही असतात तर मान वाकडी करून माझ्याकडे नुसतं पाहिलं असतंत. ते तुमचं पाहणं मला फार जड जायचं. हॉलमधल्या हार घातलेल्या फोटोत तुम्ही सरळ समोर बघताय, म्हणून तिथे निभावलं. घरी आल्यावर निभेना. म्हणून हे लिहिते आहे.

आपली पहिली भेट मला नीट आठवत नाही असं म्हणून तुम्ही मला चिडवायचात. आठवते की. कानाची मशीनं वाटायचं शिबिर होतं. शाळेच्या मैदानात मांडव, खुर्च्या, पाहुण्यांची भाषणं, आणि उन्हात रांगेत उभी केलेली मुलं. सुजाता तेव्हा सात वर्षांची होती. पाहुण्यांनी तिच्या गळ्यात मशीनचा पट्टा अडकवला, फोटो निघाला आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं. ते मशीन कानात बसायला प्रत्येक मुलाच्या कानाचा साचा घ्यावा लागतो. तो कुणाचाच घेतलेला नव्हता. साच्याशिवाय मशीन नुसतं शिट्ट्या मारत राहतं. तुम्ही मांडवाच्या कडेला उभ्या राहून ते उलटंपालटं करत होतात आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होतात. मराठी ऐकून मी वळले, आनंदाने विचारलं, तुम्ही मराठी का?

तुम्ही म्हणालात, "मराठी राहू दे, बाई. हे शिट्टी काहून मारते ते सांग."

मी सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत की हे माहीत असताना वाटलं कशाला. मी रांगेतल्या पुढच्या मुलाचा पट्टा सरळ करायला गेले. खरं तर पुढची पाच वर्षं तुमच्या बहुतेक प्रश्नांपुढे मी असंच काहीतरी करत राहिले.

मी त्या ऑफिसची कंत्राटी माणूस होते. नवऱ्याची विमा कंपनीतली बदली जयपूरला झाली, मालवीय नगरात घर मिळालं, आणि पुण्यात केलेला कर्णबधिर मुलांना शिकवायचा अभ्यासक्रम मी ट्रंकेतून बाहेर काढला. शिक्षण खात्याच्या स्थानिक ऑफिसने मला फिरती विशेष शिक्षिका म्हणून घेतलं. मालवीय नगरापासून सांगानेरच्या पलीकडपर्यंत बावीस शाळा, आणि त्यांत विखुरलेली मुलं: कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही, कुणाचे पाय साथ देत नाहीत. मला शिकवता यायचं ते फक्त ऐकू न येणाऱ्यांना. बाकीच्यांच्या पाठीवरून मी हात फिरवायची आणि पुढच्या शाळेला स्कूटर काढायची.

सुजाताच्या शाळेत विशेष मुलांसाठी एक खोली होती. दारावर पाटीसुद्धा होती. आत आरसा होता, आवाज मोठा करून ऐकवणारं यंत्र होतं, खेळणी होती, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. खोलीला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. सामान खराब झालं तर जबाबदारी कोणाची, असा त्यांचा सवाल होता. म्हणून मी सुजाताला तुमच्या घरी शिकवायचं ठरलं. सकाळच्या पाळीची शाळा सुटली की दर गुरुवारी एक वाजता, तुमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत.

त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतले तास मला अजून सुखाचे वाटतात. सांगानेरच्या कागदाच्या कारखान्यातून मी रंगीत कातरण आणायची. सुजाताच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि 'प' म्हणून दाखवायचं. पट्टी हलली की 'प' झाला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात परातीत पीठ घेऊन बसायचात आणि तिथूनच तोंडाने 'प, प' करत राहायचात. कानाचा साचा तुम्हीच हॉस्पिटलच्या खेपा घालून करवून आणलात. तिसऱ्या भेटीत तुम्ही मला 'मॅडम' सोडून अनघा आणि 'तू' म्हणायला लागलात. मला मात्र तुम्हाला 'तू' म्हणणं कधी जमलं नाही. तुम्ही चार वर्षांनी मोठ्या, हे एक कारण. दुसरं पुढे येईलच.

भांडण आपलं पहिल्यापासून एकच. मी शिकून आले होते की ऐकू न येणाऱ्या मुलाशी एकाच भाषेत बोलावं. शाळा हिंदी, गल्ली हिंदी, तेव्हा घरातही हिंदीच बोला, असं मी तुम्हाला बजावलं. तुम्ही पीठ मळायचं थांबवलंत. तुम्ही म्हणालात, शाळेतलं शाळेत, पण माझ्या पोरीनं मला मम्मी म्हटलेलं मला चालायचं नाही. मी शास्त्र सांगितलं. तुम्ही म्हणालात, तुझं शास्त्र मुर्तिजापूरला येऊन माझ्या सासूशी हिंदी बोलेल का? मग रागाने मी आठवडाभर धुसफुसत राहिले आणि तुम्ही माझ्या पाठीमागे तिला मराठी शिकवत राहिलात. एके दिवशी मी निघताना ती दारात उभी राहून मला स्पष्ट म्हणाली, "येजो." तुमच्याकडचं ते 'पुन्हा ये' असं खणखणीत आलं की मी पायातली चप्पल तशीच ठेवून परत आत आले. तुम्ही पदराआड हसत होतात. कोण बरोबर होतं हे आपलं कधी ठरलं नाही. आता मला वाटतं की तुम्हीच होतात, पण थोडी मीही होते. एवढं म्हणायची मुभा मला असू द्या.

तुमच्या स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर टांगलेलं असायचं. दर वर्षी अकोल्याहून तुमचा भाऊ पाठवायचा. त्याच्या चौकटींत तुम्ही दुधाचे खाडे लिहायचात, दूधवाला भैया आला नाही त्या तारखेला एक 'खा'. आमच्या घरीही आई तसंच लिहायची. एकदा पाणी प्यायला आत गेले तेव्हा मला गुरुवारच्या चौकटीत लाल पेनाने लिहिलेला दुसरा 'खा' दिसला. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, ते तुझं. मी हसले. तुम्हीही हसलात. दूधवाल्याच्या रांगेत बसवल्याबद्दल मी तुम्हाला पुष्कळ चिडवलं. पुढे त्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत लाल 'खा' वाढत गेले आणि आपल्यातली ती थट्टा मात्र बंद झाली.

विमलताई, आता आमच्या बाजूची पद्धत सांगते. तुम्हाला ती तुकड्यातुकड्यांत माहीत होती, पूर्ण मी कधी सांगितली नाही. भेटींचं रजिस्टर दर महिन्याला ऑफिसात जमा करायचं असे आणि ते कोरं दिसता कामा नये, असा अलिखित नियम होता. वरून कुणी कधी मुलाला भेटायला येत नसे, फक्त रजिस्टर बघत. म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सगळ्या फिरत्या शिक्षिका एका टेबलाभोवती बसायचो. कचोरी यायची, चहा यायचा, आणि आम्ही महिनाभराच्या भेटी लिहून काढायचो. एकाच शाईत सगळं दिसू नये म्हणून एकमेकींचे पेन बदलून घ्यायचो. निळं झालं की काळं, मध्येच कुणाचं तरी शाईचं. पहिल्या शनिवारी माझा हात अडखळला होता. तिसऱ्या शनिवारी मी गप्पा मारत लिहीत होते.

त्या सहा महिन्यांच्या रजिस्टरात सुजाताच्या नावापुढे सव्वीस गुरुवार भरले. मी आले होते सात.

मग ते पत्र आलं. सुजाताला पुढच्या वर्गात घालायची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापकांनी ऑफिसला कळवलं की ही मुलगी आमच्याकडे चालणार नाही. ऑफिसने रजिस्टर काढलं आणि उत्तर लिहिलं. पत्र हिंदीत होतं, तुम्ही ते माझ्यापुढे धरलंत आणि मला मोठ्याने वाचायला लावलंत. त्याचा अर्थ असा होता की या बालिकेला प्रत्येक आठवड्याला नियमित विशेष साहाय्य देऊनही प्रगती दिसत नाही, सबब तिला सामान्य शाळेतून काढून दूरच्या गावातल्या निवासी मूकबधिर शाळेत पाठवावं. खाली सही, शिक्का, आवक-जावक क्रमांक. माझ्या खोट्या खुणांनी तुमच्या पोरीला नापास केलं होतं.

मी म्हणाले की निवासी शाळा वाईट नसतात. हे मी खरोखर म्हणाले, माझ्या तोंडाने. तुम्ही पत्राची घडी घातलीत आणि इतकंच विचारलंत, ती तिथं रात्री घाबरली तर कुणाला हाक मारेल? तिला आता कुठं हाक मारता यायला लागलीय.

जनसुनवाईचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. जिल्ह्याचे मोठे साहेब महिन्यातून एकदा लोकांच्या तक्रारी सगळ्यांसमोर ऐकत. मला ऑफिसने रजिस्टर घेऊन बोलावलं होतं. तुम्ही हिरवी सुती साडी नेसून, हातात गुंडाळलेलं कॅलेंडर घेऊन आलात. भाऊजी मालगाडीवर गार्ड, त्यांची ड्यूटी लागलेली, त्यामुळे सोबत कुणी नव्हतं. सुजाता तेवढी तुमचं बोट धरून. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. तुमचा नंबर आला तेव्हा आमच्या ऑफिसच्या साहेबांनी रजिस्टर उघडून सगळ्या खुणा दाखवल्या आणि म्हणाले, काम तो पूरा हुआ है. तुम्ही टेबलावर कॅलेंडरची पानं पसरलीत. कुणीतरी हसलं. आमच्या ऑफिसचे साहेबही हसले आणि म्हणाले की यात तर दूधवाल्याच्या सुट्ट्या लिहिल्यात. तुमची हिंदी तेव्हा मोडकीच होती. तुम्ही म्हणालात, "साहब, दूधवाला नहीं आता तो मैं दूधवाला बदल देती. मैडम कैसे बदलूँ? और एक भी है क्या?"

हसणं थांबलं. मोठ्या साहेबांनी कॅलेंडर हातात घेतलं, महिने उलटले, रजिस्टरशेजारी ठेवलं आणि मला विचारलं, दोन्हींतलं खरं कोणतं. माझ्या ऑफिसचे साहेब माझ्याकडे बघत होते. सुजाता माझ्याकडे बघत होती, कारण तिथे तिच्या ओळखीची तुमच्याखेरीज मी एकटीच. मी म्हणाले, कैलेंडर सही है, सर.

ही माझ्या आयुष्यातली एकुलती एक शौर्यकथा, आणि हॉलमध्ये सगळ्यांना तीच ऐकायची होती. पण तिच्या पुढचं वाक्यही मीच बोलले होते. मी म्हणाले, माझ्या एकटीकडे बावीस शाळा आहेत, एक माणूस इतक्या ठिकाणी पोचणार कसा. हे ऐकून खोलीतली हवा बदलली. मोठे साहेब माझ्यावरून ऑफिसकडे वळले. बावीस? दुसरं कुणी नाही? खोलीची किल्ली कुठे आहे? साचे का घेतले नाहीत? त्या दिवसापासून दोष बावीस शाळांचा झाला आणि मी तिथून जवळजवळ बिचारी म्हणून बाहेर पडले.

बदल एका दिवसात झाले नाहीत, हे तुम्ही सगळ्यांना ठासून सांगायचात. आधी मला नोटीस आली, ती पुढे बारगळली. सुजाता शाळेत राहिली, ते पत्र मागे घेतलं गेलं, पण त्याला तीन महिने आणि तुमच्या नऊ खेपा लागल्या. खोलीचं कुलूप निघालं तेव्हा आतल्या यंत्राला उंदरांनी कुरतडलं होतं. दुसरी शिक्षिका नेमली, ती सहा महिन्यांत सोडून गेली, मग पुन्हा तुमचे अर्ज. माहितीचा अधिकार नुकताच आला होता. तुम्ही कॉलनीतल्या एका कारकुनाकडून अर्ज लिहून घेऊन आमच्या ऑफिसला विचारलंत की कुठल्या शाळेत कुठलं मूल आहे आणि त्याला कोण शिकवतं. ती यादी तयार करताना ऑफिसला पहिल्यांदाच कळलं की आपल्याला माहीत नाही. आज माझ्याकडे आठ शाळा आहेत. शिबिरात मशीनच्या आधी कानाचा साचा घेतात. सुजाताचा तास आठवड्यातून दोनदा शाळेतच होतो, त्या खोलीत, आरशासमोर, आणि गुरुवारची घरची भेट वेगळी. प्रत्येक घरभेटीची पावती असते आणि तिच्यावर पालकाची सही नसली तर भेट धरत नाहीत. हा नियम तर सरळसरळ तुमचाच.

आणि सुजाता सहावीत आहे. ती शाळेत हिंदी वाचते, घरी मराठी बोलते, शर्मा भाभींशी हात हलवून दोन्ही बोलते. तिचे उच्चार सगळ्यांना कळत नाहीत. तिला त्याची फारशी फिकीर नाही, हा तुमचा गुण.

आता हॉस्पिटलमधला तो शेवटचा शनिवार. डायलिसिस झालं होतं, तुमचा चेहरा उतरला होता, पण बोलायची खुमखुमी होती. मी संत्री सोलत होते. ऑफिसात नवीन आलेल्या मुलींना तुमची गोष्ट सांगितली, असं मी कौतुकाने सांगत होते. तुम्ही मध्येच म्हणालात, "अनघा, एका गुरुवारी तुही गाडी मंडळाच्या हॉलसमोर उभी होती. मी सुजाताच्या कानाचा नवा साचा घेऊन येत होती."

आमच्या मराठी मंडळातल्या बायकांचं भजन गुरुवारी दुपारी असायचं. त्या सहा महिन्यांत मी चार वेळा तुमचा तास सोडून तिथे गेले होते. नवीन गाव, बोलायला कुणी नाही, आणि भजनानंतर साबुदाण्याची खिचडी आणि तासभर गप्पा. तुमची गल्ली माझ्या रस्त्यात शेवटची. मी वळायचीच नाही. बाकीचे खाडे बावीस शाळांचे होते, पण ते चार गुरुवार निव्वळ माझे होते. हे मी जनसुनवाईत सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, कुणालाच नाही. आणि तुम्हाला ते तेव्हापासून माहीत होतं.

तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "बोलली असती तर तुले काढलं असतं. दुसरी कधी आली असती? तवापावेतो माह्या पोरीचं काय?"

यात माझ्यावर उपकार वगैरे काही नव्हते, तुम्ही साधा विचार केला होता. मी तिथेच माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणाले की माझ्याकडे बावीस शाळा होत्या. तुम्ही उशीवर मान वळवलीत आणि ते तुमचं पाहणं पाहिलंत. म्हणालात, "बावीस शाळा भजन म्हणत होत्या का वं?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसलात, हसता हसता खोकलात. मला राग आला, विमलताई. आजारी माणसाचा राग आला. मी म्हणाले, शेवटी त्या दिवशी मी खरं बोलले म्हणूनच सगळं झालं ना. तुम्ही फक्त विचारलंत, तिथं मराठी बायाच येतात ना? मी हो म्हटलं. मग नर्स आली, मी पिशवी उचलली आणि गुरुवारी येते म्हणून निघाले. मंगळवारी सकाळी भाऊजींचा फोन आला.

तुमचा तो शेवटचा प्रश्न मला स्कूटरवर असतानाच कळला होता. पाच वर्षांत मी तुम्हाला मंडळात एकदाही बोलावलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाही, दिवाळीच्या फराळाला नाही. तुमच्या हातचा झुणका मात्र मी आले त्या प्रत्येक गुरुवारी खाल्ला. आमच्या मंडळात बहुतेक बँकेच्या आणि सरकारी साहेबांच्या बायका, नव्या बाईला आधी आडनाव विचारतात आणि मग गाव. तुमचं आडनाव ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते मला ठाऊक होतं आणि ते बघायची माझी तयारी नव्हती. विसरले असं मी म्हणू शकत नाही. मला 'तू' म्हणणं जमलं नाही, त्याचं हे दुसरं कारण. जिच्याशी आपण असं वागतो तिला हक्काने 'तू' कसं म्हणणार.

रविवारी हॉलमधली माणसं पांगल्यावर भाऊजी माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांची आई मुर्तिजापूरहून आली आहे, ती सुजाताला सोबत न्यायचं म्हणते. भाऊजींची ड्यूटी कधी दोन-दोन दिवस, घरात पोर एकटी. गावात शाळा आहे, पण असं शिकवणारं तिथे कुणी नाही. भाऊजी जमिनीकडे बघत होते. ते म्हणाले, "विमल म्हणायची, पोरगी इथंच राहील. मी ठेवतो, शेजारी लोक आहेत, आईला इथंच थांबवून घेतो. फक्त मॅडम, तुमचे गुरुवार चालू राहतील ना?"

त्यांना काही माहीत नाही. तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघून चालू राहतील असं म्हटलं, आणि ते एवढ्या विश्वासाने उठून गेले की मला बसवेना.

काल गुरुवार होता. मी एक वाजता गेले. भाऊजी गाडीवर होते. त्यांच्या आईला शर्मा भाभी डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या. सुजाताने दार उघडलं. कानातलं मशीन तिने काढून डबीत ठेवलं होतं. मी खुणेने विचारलं तर तिने सांगितलं की घरात सगळे रडतात आणि मशीनमधून ते फार मोठं येतं. मी तिच्याशेजारी बसले. पाऊण तास आम्ही काहीच केलं नाही. मग तिने स्वतःच मशीन लावलं आणि दप्तरातून इतिहासाचं पुस्तक काढलं. धडा अर्धा वाचून झाला. दोन ठिकाणी ती अडली, मी सांगितलं, तिने पुन्हा म्हटलं. मध्येच तिने मला विचारलं की आई आता कुठल्या शाळेत अर्ज देत असेल. आणि उत्तराची वाट न बघता तिने पान उलटलं. घरी कुणी परतलं नव्हतं. पुढच्या शाळेत मुलं थांबली होती, मी शर्मा भाभींच्या सुनेला सुजाताजवळ बसवून निघाले.

आज सकाळी पावती घेऊन ऑफिसात गेले. कारकुनाने ती उलटून पाहिली आणि म्हणाला, पालकाची सही नाही, भेट धरता येणार नाही. नियम तो आप ही के केस से बना है, मैडमजी. मग त्याने आवाज खाली आणला. तिची आई वारलीय हे त्याला माहीत होतं, माणूस वाईट नाही. तो म्हणाला, तुम्हीच काहीतरी गिरवून द्या, कोण बघतंय. मी नको म्हटलं. त्याने खांदे उडवले आणि माझ्या नावापुढे अनुपस्थित लिहिलं.

चुकले, विमलताई. त्या चार गुरुवारांसाठी, मंडळासाठी, आणि शनिवारी तुमच्याशी जे बोलले त्यासाठी. हे तुम्हाला समोर सांगायला हवं होतं.

ऑफिसच्या कागदावर काल मी तुमच्याकडे आले नाही. मी आले होते.